आगोट भरली, पण रहाट कुठाय?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की पुण्यात राहून ज्यांचं घर, आईवडील, सासर असं काहीतरी कोकणात आहे त्यांनी वादळ-पुराबद्दल काय विचारायचंय ते विचारा, मे महिन्याच्या अंकात बोलू. मला वाटलं पाचसहा प्रश्न येतील, पण एवढे आले की सारखे प्रश्न एकत्र करावे लागले. एकीने तर चक्क अंतर्देशीय पाठवलंय, त्या बाईंना वेगळा नमस्कार. एक आधीच सांगते, मी इंजिनिअर नाही की सरकारी अधिकारी नाही. दापोली तालुक्यात आमचं कौलारू घर आहे, तिथे आत्या राहते, आणि गेल्या काही वर्षांत जे बघितलं, विचारून घेतलं आणि स्वतः चुकले तेच सांगतेय.

प्रश्न : ताई, माझी आई ७८ वर्षांची आहे, श्रीवर्धनजवळ गावात एकटी राहते. पुण्याला ये म्हटलं की "तुमच्या त्या डब्यात मला कोंडू नका" म्हणते. निसर्ग वादळात पडवी गेली तेव्हापासून जून आला की माझी झोप उडते. इमर्जन्सी लाइट, पॉवर बँक, मोठा टॉर्च, दोन किलो मेणबत्त्या, सगळं पाठवलंय. अजून काय पाठवू? (कोथरूडहून)

काही पाठवू नका. तुम्हीच जा, आणि मे संपायच्या आत जा.

आता जरा माझंच ऐका. ३ जून २०२०, लॉकडाऊन चालू, मी इथे पुण्यात गॅलरीत उभी राहून समोरचं गुलमोहराचं झाड हलताना बघतेय आणि फोन कानाला. निसर्ग वादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात चढलं आणि खाली मंडणगड-दापोलीलाही झोडपून गेलं. आत्याशी बोलणं चालू होतं, ती म्हणाली "थांब गो, मागचं दार वाजतंय", आणि फोन कट. त्यानंतर पाच दिवस काही नाही. टॉवर पडले, खांब आडवे, रस्त्यात झाडं. सहाव्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला, गावातला एक मुलगा रेंज शोधत माळावर चढला होता आणि एका कागदावर लिहून आणलेले सगळ्यांचे निरोप एकेक करून देत होता. आत्याचा निरोप काय होता? "बरी आहे, पीठ नाही."

हे मला आधी कळेचना. आत्याची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधी भरायची बेगमी, गावात नाव घेतात अशी. तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, मीठ, आमसुलं, लाकडं, सगळं मेअखेर भरलेलं. पण गहू आणि तांदूळ होते आणि चक्की विजेवर, म्हणून पीठ नाही. विहीर अंगणात तुडुंब, पण मोटर बसवली तेव्हा रहाट काढून भंगारात दिलेला आणि दोर कुठे गेला देव जाणे, म्हणून पाणी नाही. शेवटी कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीला बादली बांधून पाणी काढलं, तळहाताची सालं निघाली. त्या भागात कित्येक गावांना वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले होते.

तर तुम्ही गावी गेलात की एक काम करा. संध्याकाळी सातला घराचा मेन स्विच बंद करा आणि दुसऱ्या दिवशी सातपर्यंत चालू करू नका. आईच्या शिव्या खा. पण त्या चोवीस तासांत जे जे अडेल तीच तुमची यादी, मग ती ऑनलाइन कुठल्या साइटवर शोधावी लागणार नाही. पाण्याला कप्पी, दोर, दोन बादल्या. दहा-पंधरा किलो दळण आधीच करून पत्र्याच्या डब्यात, आणि ते संपत आलं की नवीन, म्हणजे जाळी लागत नाही. काड्यापेट्या तांदळात खुपसून ठेवायच्या, हे आत्याकडून शिकले, दमट होत नाहीत. गॅसचा भरलेला सिलेंडर एक जादा. मेणबत्त्या मात्र परत आणा, कौलारू घरात, वाऱ्यात, ७८ वर्षांच्या बाईच्या हातात पेटती मेणबत्ती मला नको वाटते, त्यापेक्षा सोलरचे छोटे कंदील दोन घ्या आणि ते रोज वापरात ठेवा. कपाटात ठेवलेला इमर्जन्सी लाइट वादळाच्या दिवशी कधीच पेटत नाही हा माझा अनुभव आहे, चार्जिंग उतरलेलं असतं.

आई इन्सुलिन घेते का ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण तीन वाचकांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. फ्रिज बंद पडला म्हणून इन्सुलिन लगेच फेकायचं नसतं, बहुतेक प्रकारचं इन्सुलिन २५-३० डिग्रीच्या खाली साधारण चार आठवडे चालतं. एका मोठ्या मातीच्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. तुमच्या डॉक्टरांना तुमच्या प्रकाराबद्दल एकदा विचारून घ्या, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या जूनच्या आधी दोन महिन्यांच्या घेऊन ठेवा.

आता माणसांचं. आईला पुण्याला आणायचा हट्ट सोडा, त्याऐवजी वादळ आलं तर ती गावातल्या कुठल्या घरी जाणार हे ठरवा. स्लॅबचं, चांगल्या बांधणीचं, मोठ्या झाडापासून आणि खाडीपासून लांब असं घर, नाहीतर शाळा. आणि तुम्ही ठरवून उपयोग नाही, त्या घरच्यांच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन ठरवा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका वादळाला घाबरत नाहीत, लोकांच्या घरी जायला लाजतात. आमच्या शेजारच्या वहिनींनी ही गोम बरोबर ओळखलीये, तौक्ते वादळाच्या वेळी मे २०२१ मध्ये त्या आल्या आणि म्हणाल्या "आत्ये, हे मुंबईला आहेत, मला एकटीला भीती वाटते, सोबतीला येता काय?" आत्या पाच मिनिटांत पिशवी घेऊन निघाली. मी आदल्या दिवशी फोनवर तासभर घसा फोडला होता.

फोनबद्दल दोनच गोष्टी. एक, तुम्ही पुण्याचा अलर्ट बघत बसू नका, आईच्या जिल्ह्याचा बघा, कोकणचा इशारा हवामान खात्याच्या मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडून निघतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हला. 'सचेत' अॅपमध्ये रायगड जिल्हा निवडून ठेवता येतो. दोन, १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण पुण्यातून नुसता १०७७ लावलात तर पुण्याचाच कक्ष उचलणार, म्हणून अलिबागच्या कक्षाचा एसटीडी कोडसकट पूर्ण नंबर सेव्ह करा. आणि गावातल्या तीन माणसांचे नंबर कागदावर, भिंतीला चिकटवून, मोठ्या अक्षरात. आईचा फोन बंद पडला की तिला एकही नंबर आठवणार नाही. तुम्हाला तरी माझा... जाऊ दे, मला माझ्या नवऱ्याचाही पाठ नाही.

प्रश्न : दापोलीजवळ समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आम्ही बंगला बांधलाय. गळती नको म्हणून स्लॅबवर पत्र्याची शेड केली. फॅब्रिकेटर म्हणतो "साहेब, हत्ती चढवा वर". विश्वास ठेवू का? (औंधहून)

हत्ती वरून दाबतो हो, वारा खालून उचलतो, त्यामुळे हत्तीची परीक्षा काही कामाची नाही.

चारी बाजूंनी उघडी शेड असली की वारा आत शिरून पत्र्याला वर ढकलतो, आणि वरून जाणारा वारा त्याच वेळी पत्रा वर ओढतो, म्हणजे दोन्हीकडून एकच काम. निसर्गमध्ये स्लॅबवरचे पत्रे पाइपांसकट उडून दुसऱ्यांच्या घरांवर पडले ते याच्यामुळे. फॅब्रिकेटरला चार गोष्टी विचारा. उभे पाइप स्लॅबला बेसप्लेट आणि अँकर बोल्टने धरलेत की कठड्यावर नुसते सिमेंटात रोवलेत? आडवे पाइप कोपऱ्यांना आणि कडेला जवळजवळ घेतलेत का, कारण पत्रा नेहमी कडेने उचकटायला सुरुवात होते, मधून नाही. स्क्रू आहेत की जे-हुक, आणि वॉशर रुंद आहेत का? स्क्रू खारट हवेत दोनतीन वर्षांत गंजून डोकं तुटतं, वरून मात्र दिसायला सगळं छान. आणि चौथं, पत्रा भिंतीच्या बाहेर किती काढलाय? दीड फुटाच्या आत ठेवा, लोक झडीच्या भीतीने तीन-तीन फूट काढतात, ते वाऱ्याच्या हातात आपला कान देण्यासारखं आहे.

कौलारू घरवाल्यांनी पण इथेच ऐका. मंगळोरी कौलाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, बघितलंयत कधी? ते तार ओवायला आहे. सगळी कौलं बांधायची गरज नाही, वळचणीच्या दोनतीन ओळी, आढ्याजवळची ओळ आणि दोन्ही बाजूच्या कडा एवढी तरी रिपेला तारेने बांधा. आमच्याकडे शाकारणीला येणारे दादा पहिल्यांदा हसले, म्हणाले "ताई, मग पुढल्या वर्षी कौल बदलायचं कसं?" त्यांचं पण बरोबर आहे, तार कापावी लागते, वेळ जातो, मजुरी वाढते. मी म्हटलं वाढू दे. आणि पडवीचं छप्पर शक्य असेल तर मूळ घराच्या वाशांना जोडू नका, वेगळं ठेवा, म्हणजे पडवी गेली तरी जाताना घराचं आढं घेऊन जात नाही. श्रीवर्धनच्या आईंची पडवी गेली आणि घर राहिलं, मला वाटतं असंच काहीतरी झालं असणार.

अजून एक. घराशेजारचा फणस, आंबा यांच्या फांद्या एप्रिल-मेमध्येच हलक्या करून घ्या. जांभ्या दगडावर माती थोडी असते तिथे मोठं झाड मुळांसकट येतं. माड वाकतो आणि बऱ्याचदा उभा राहतो, पोफळी मात्र पत्त्यांसारख्या पडतात, २०२० मध्ये आख्ख्या आख्ख्या बागा अशा झोपलेल्या बघितल्या, पिढ्यांचं उत्पन्न एका दुपारी.

प्रश्न : वादळात वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवायची म्हणतात, खरं का? (बिबवेवाडीहून)

नको. सगळी दारं-खिडक्या बंद, कड्या-अडसर लावून, आणि तुम्ही घराच्या मधल्या खोलीत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, वादळाचा मध्य डोक्यावरून जात असेल तर वारा एकदम पडतो, ऊनसुद्धा दिसतं, लोक कौलं बघायला बाहेर येतात, आणि मग तोच वारा उलट्या दिशेने येतो. आधी ज्याला टेकू होता ते झाड आता पडतं. तेव्हा रेडिओवर, नाहीतर फोनवर संपलं असं सांगेपर्यंत बाहेर नाही. बॅटरीवरचा छोटा रेडिओ घरात असू दे.

प्रश्न : माझं सासर चिपळूणला बाजारपेठेत, खाली दुकान वर घर. २०२१ च्या पुरात दुकान पूर्ण गेलं. सासरे म्हणतात २००५ ला पण आलं होतं, आता काय सारखं येणार नाही. मला ते पटत नाही, पण समजावू कसं? (धनकवडीहून)

सासऱ्यांना म्हणावं दोन्ही वेळा जुलैच होता. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१.

चिपळूणचं (आणि महाडचंही, तिथे सावित्री-गांधारी नद्या) गणित असं आहे बघा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस प्रचंड, आणि तिथून समुद्र जेमतेम काही तासांवर. आपली मुळा-मुठा पार बंगालच्या उपसागरापर्यंत जायची असते म्हणून तिला घाई नाही, चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला मात्र सगळं पाणी एका दिवसात खाडीत ओतायचं असतं. कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणीसुद्धा शेवटी वाशिष्ठीतच येतं. त्यात भर म्हणजे शिव नदी गावातूनच जाते. आणि अशा वेळी खालून भरती आली तर पाण्याला जायला वाटच नाही, ते बाजारपेठेत बसतं. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस.

जुन्या लोकांना हे पाठ असतं, तुमच्या सासऱ्यांना पण असणार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारला भरती, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहाला. मग साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. खाडीत आत असलेल्या गावांना थोडी उशिरा पोचते, पण अंदाजाला पुरेसं आहे. तर त्यांना हेच काम द्या: अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोनतीन दिवस, लाल अलर्ट आणि घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस, हे तिन्ही एकत्र आले की दुकानातला माल वर चढवायला सुरुवात त्यांनी करायची. समजवायला गेलात तर ऐकणार नाहीत, जबाबदारी दिलीत तर पंचांग घेऊन बसतील.

वर काय न्यायचं याचा क्रम आत्ताच दुकानात भिंतीवर लिहा, कारण पहाटे चारला, कमरेएवढ्या पाण्यात, माणूस देवाचा फोटो आणि टीव्ही उचलतो आणि उधारीची वही खाली राहते. वही, स्टॉक रजिस्टर, बिलं, जीएसटीचे कागद, इन्शुरन्सची पॉलिसी आधी. आणि मेन स्विच पाणी शिरायच्या आधी बंद, मीटर खाली असेल तर वर घेण्यासाठी आत्ताच अर्ज. गाडी आदल्या संध्याकाळीच उंचावर नेऊन लावा, पाणी बघून गाडी काढायला जाणारे अडकतात.

पूर ओसरल्यावर लगेच चिखलात अनवाणी उतरू नका, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) भीती असते, गमबूट नसले तर आरोग्य केंद्रात गोळ्यांबद्दल विचारा. विहीर असेल तर पाणी उपसून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या, तोवर उकळून. फरशीखाली, लाकडांच्या ढिगात, फ्रिजच्या मागे साप बसलेले असतात, काठी आपटत जा.

हो, आणि एक गंमत, जी वाचकांनीच दाखवून दिली. कागद "उंच ठेवा" असं सगळे सांगतात, ते पुराला बरोबर, पण वादळात पहिलं जातं ते छप्पर आणि भिजतो तो माळा. मग ठेवायचे कुठे? आमच्याकडे ते स्टीलच्या, रबर लावून बंद होणाऱ्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, दाराजवळच्या खुंटीला पिशवीत टांगलेले असतात. पूर आला तर वर न्यायचे, वादळ आलं तर खाली बरोबर घ्यायचे. फोटो काढून डिजिलॉकरमध्ये, नाहीतर निदान मुलाच्या व्हॉट्सअॅपवर.

प्रश्न : आमचं घर पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आहे. मागच्या पावसात घरामागे उतारावर बोटभर रुंद भेग पडली, काकांनी मातीने बुजवली. आता दार अडकतंय. काळजीचं आहे का? (वारज्याहून)

हो. बाकीची पत्रं बाजूला ठेवून मी तुम्हाला आधी कळवलंय, तरी इथेही लिहिते कारण असं घर कुणाचंही असू शकतं.

भेग बुजवून भेग जात नाही, फक्त दिसत नाही. उतारावर नवीन भेगा, झाडं-खांब कललेले, चौकट वाकडी होऊन दार अडकणं, नेहमीचा झरा एकदम गढूळ होणं किंवा आटणं, नाहीतर नवीन ठिकाणी पाणी फुटणं, जमिनीतून गुडगुड आवाज, ही डोंगर सरकत असल्याची लक्षणं आहेत. आपल्या पुणे जिल्ह्यातलं माळीण, ३० जुलै २०१४, सकाळी, १५१ माणसं. एसटीच्या ड्रायव्हरला गावच दिसेना तेव्हा बाहेर कळलं. महाड तालुक्यातलं तळिये, २२ जुलै २०२१, ऐंशीच्या वर माणसं. खालापूरची इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३, रात्री. तारखा बघा, सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या. महिनाभर पाऊस पिऊन डोंगर जड झालेला असतो आणि मग एखादा मुसळधार दिवस येतो.

काकांना सांगा तलाठी आणि तहसीलदाराकडे लेखी अर्ज करायचा, भेगेचा फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढायचा, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मधलं अंतर दर आठवड्याला मोजून लिहायचं. उताराच्या वरून येणारं पाणी भेगेत जाऊ नये म्हणून चर काढता येतो, पण तो जाणकाराला दाखवूनच, चुकीच्या जागी खणलेल्या चराने उलट पाणी मुरतं. आणि जून ते सप्टेंबर तिथे झोपायचं नाही. दिवसा गुरं बघा, देवाला दिवा लावा, रात्री भाड्याच्या खोलीत नाहीतर भावकीत. काका म्हणतील "आजोबांच्या वेळेपासून घर इथेच आहे." घर तेच आहे, पण घरामागे रस्त्यासाठी जेसीबीने कापलेला उतार आजोबांच्या वेळी होता का, एवढं विचारा.

प्रश्न : त्सुनामी येऊ शकते का आपल्याकडे? (हडपसरहून)

आलेली आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आत्ताच्या पाकिस्तान-इराणच्या बाजूला, मोठा भूकंप झाला त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि माणसं दगावली. वारंवार येणारी गोष्ट नाही. किनाऱ्यावर असताना समुद्र अचानक खूप मागे सरकलेला दिसला तर शंख गोळा करायला जाऊ नका, उंचावर पळा. रोजची काळजी करायची असेल तर त्सुनामीपेक्षा पत्र्याच्या स्क्रूची करा.

प्रश्न : २०२० च्या वादळात आमच्या गावच्या घराचं छप्पर गेलं. पंचनामा झाला, पण नुकसानभरपाई आलीच नाही. घरपट्टी आजोबांच्या नावावर, ते १९९१ ला वारले. सातबाऱ्यावर सतरा नावं. ऑफिसात चार हेलपाटे घातले, पाचव्यांदा जायचं सोडून दिलं. (कर्वेनगरहून)

तुमच्यासारखी नऊ पत्रं आहेत! कोकणातल्या घराला वाऱ्यापेक्षा जास्त धोका सामाईक सातबाऱ्याचा आहे असं मी उगाच म्हणत नाही.

मागचं काय होईल त्याची खात्री मी देऊ शकत नाही, पण पुढच्या वेळेसाठी ऐका. घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती वारसांच्या नावावर करून घ्या, वारसनोंद लावा, त्याला वादळाची वाट बघू नका. सतरापैकी चौदा मुंबई-पुण्यात असतील, त्यांचा गणपतीत गावी येण्याचा योग असतोच, तेव्हा आरती झाली की प्रसादाआधी सह्या घ्या (प्रसादानंतर पांगतात, अनुभव आहे). जो प्रत्यक्ष घरात राहतो त्याच्या नावे पैसे जमा व्हायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, ते आधीच करून ठेवा. बँक खातं आधारला जोडलेलं आणि चालू आहे ना ते बघा. आणि आत्ता, घर धड असताना, चारी बाजूंनी, आतून, छपराखालून फोटो-व्हिडिओ काढा, कारण पंचनाम्याला "आधी इथे काय होतं" हे दाखवावं लागतं. नुकसान झाल्यावर ढिगारा उचलायच्या आधी परत फोटो. पंचनामा होतो तेव्हा कुणीतरी हजर हवं, बंद घरासमोरून तलाठी किती वेळा जाणार? आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या, नुसती सही करून मोकळे होऊ नका.

इन्शुरन्स हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागते, त्यात वादळ, पूर, भूकंप, दरड हे येतं. फक्त घर वर्षातले दहा महिने बंद असतं आणि भिंती चिऱ्याच्या, छप्पर कौलारू आहे हे अर्जात खरं लिहा आणि बंद घराबद्दलची अट त्यांच्याकडून लेखी घ्या. एजंटच्या "होऊन जाईल"वर राहू नका.

प्रश्न : लाल अलर्ट आला की मी गाडी काढून ताम्हिणीतून गावी जातो, आईला एकटं कसं सोडायचं? (बावधनहून)

तुमची माया कळते, पण हे बंद करा. अलर्ट पिवळा असताना, आदल्या दिवशी उजेडात गेलात तर ठीक. लाल अलर्टमध्ये घाटात दरड, झाडं, धुकं, आणि पलीकडे पुलावरून पाणी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी त्यात गेल्या, ड्रायव्हरना पूल नाही हे दिसलंच नाही. तुम्ही माणगावला अडकलात तर आईला तुमची काळजी, तुम्हाला आईची, आणि दोघांच्या फोनला रेंज नाही. एनडीआरएफची जी तुकडी कोकणात जाते ती आपल्या तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याहून निघते, आणि तीसुद्धा इशारा मिळाला की आधीच जाऊन तिथे थांबते.

प्रश्न : विजेचं काय? आमच्या गावी ऑक्टोबरात फार कडकडतं. (पाषाणहून)

तुमच्याच पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' अॅप केलंय की हो, ते गावी असणाऱ्यांच्या फोनवर टाका. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, झाडाखाली नाही, पक्क्या घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. भातकापणीच्या वेळी हा अर्धा तास फार मोठा वाटतो, माहितीये.

प्रश्न : सगळं माणसांचं सांगता, आमच्या दोन म्हशी आणि एक गाय आहे गावी, वडील त्यांना सोडून हलत नाहीत. (नऱ्ह्याहून)

हा प्रश्न अंतर्देशीयवरचा. वडिलांना म्हणावं, पाणी किंवा वादळ येतंय म्हटलं की गोठ्याचं दार उघडायचं आणि दावी सोडायची. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं उंच जागा शोधतं. कानात बिल्ला असेल तर त्याचा नंबर कागदांच्या डब्यात लिहून ठेवा, भरपाईला लागतो. दावं वाऱ्यापावसात सुटत नाही, गाठ फुगते, म्हणून गोठ्याच्या खांबाला एक कोयता टांगलेला असू दे. आमच्याकडे तो आहे. २०२१ ला दुसऱ्याच कुणीतरी येऊन आमच्या गायीचं दावं कापलं, कोण ते अजून कळलेलं नाही, कोयता मात्र परत खांबाला होता.